काच धुणारी

ओलोमोउत्सच्या प्रयोगशाळेत मी काचा धुते.
तेवीस वर्षं झाली.
रसायनशास्त्र येत नाही, डाग वाचता येतात.
फिकट पिवळा, म्हणजे झ्देन्काचं काहीतरी जमतंय.
तपकिरी, म्हणजे रात्रभर उकळून डांबर झालं.
आणि बुडाशी काळं, खरवडूनही न निघणारं,
म्हणजे आज तिच्याशी बोलू नये.

झ्देन्का माझ्या लेकीच्या वयाची.
डब्यात रोज तेच, राईचा पाव आणि वास मारणारं चीज,
ते ती दारं उघडी टाकून खाते,
म्हणते, पिरिडीनपेक्षा बरा आहे हा वास.

एकदा तिने पावाच्या कागदावर काढून दाखवलं:
हे कायनेज. पेशीतला हुकूम सोडणारा.
"वाढ" म्हणतो, आणि गप्प बसतो.
बिघडला की गप्प बसत नाही.
त्याच्या कुशीत एक खाच असते,
तिथे एटीपी येऊन बसतो, मग हुकूम सुटतो.
आपण आधी जाऊन बसायचं.
"ट्रॅममधल्या जागेसारखं," मी म्हटलं.
"हो. फक्त शेवटचा थांबा आला तरी उठायचं नाही."

माझा व्रातिस्लाव चार नंबरची ट्रॅम चालवायचा.
फुप्फुसात निघालं तेव्हा निवृत्तीला सात महिने होते.
त्याला मिळाली ती गोळी आमच्याकडची नव्हती,
कुठल्या दूरच्या देशातली, जर्दाळूच्या रंगाची,
दिवसातून एक, उपाशीपोटी.
चौदा महिने तो तीन मजले चढला
दोन्ही हातांत पिशव्या घेऊन.
मी गोळी तळहातावर ठेवून बघायची.
हिच्यासाठीही कुणीतरी काचा धुतल्या असतील.
त्या बाईचे हातही ॲसिटोनने असेच फुटत असतील,
आणि तिला माझं नाव माहीत नाही.

पंधराव्या महिन्यात तो दुसऱ्या मजल्यावर थांबला.
पिशव्या खाली ठेवल्या.
"जरा बूट सैल झालाय," म्हणाला.
बुटाला नाडी नव्हती.

झ्देन्काने रिपोर्ट वाचला, पुन्हा कागद ओढला.
खाचेच्या तोंडाशी एक पहारेकरी असतो, सडपातळ.
त्याला चुकवून औषध आत जायचं.
आता त्याच्या जागी दुसरा आलाय.
किती जाड? मी विचारलं.
तिने चिमूट दाखवली, मग चिमटीतली हवाही मिटवली.
"एवढंसं."
"मग तुमचं औषध बारीक करा की."
ती हसली नाही.
चारशे बारापासून तेच करतेय म्हणाली,
एक टोक छाटलं की दुसरीकडे पकड सुटते,
पकड आली की यकृत ते तासाभरात चावून टाकतं.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी
सिंकमध्ये तिचा एक फ्लास्क राहिला होता,
तळाशी चिकट तेल, मधासारखं, नावापुरतं.
चिठ्ठीवर ४३७ आणि एक फुली.
मी ॲसिटोनची बाटली उचलली.
पाण्याच्या नळामागे खिडकी, खिडकीबाहेर थंडी,
आणि फ्लास्कच्या गळ्याशी,
जिथे मी आधी ब्रशने ओरखडा काढून बसले होते,
सुया.
पांढऱ्या, केसाएवढ्या, एकमेकींना टेकलेल्या.
मी बाटली खाली ठेवली.
नऊ वाजता फोन केला. ती घरच्या चपलांतच आली.

तेल कधी शुद्ध होत नाही, ती सांगत होती,
स्फटिक झाला की क्ष-किरणांत दिसेल
रेणू आत कसा बसलाय.
सांगता सांगता तिने माझा ओला हात धरला
आणि सोडायला विसरली.

मी हिशेब विचारला.
पेशी, मग उंदीर, मग कागदपत्रं, मग माणसं.
सगळं नीट गेलं तर आठ वर्षं.
बहुतेक नीट जात नाही.

घरी व्रातिस्लाव जागा होता.
रिकाम्या रुळांवरून शेवटची चार नंबर गेली,
त्याने घड्याळ बघितलं.
"दोन मिनिटं उशीर," म्हणाला.
मी त्याला सुयांबद्दल सांगितलं.
तो बराच वेळ गप्प राहिला,
मग विचारलं, "तू धुतला नाहीस ना?"